रिकामी डबी

पास्कल फर्नांडिसकडे तुम्ही वाटीभर सुकटीची चटणी पाठवलीत, तर ती वाटी परत येताना तिच्यात काहीतरी असणारच. चार कोकमं, मूठभर उकडलेले चणे, अगदीच काही नसलं तर परसातलं एक लिंबू. रिकामं भांडं शेजारच्याच्या हातात द्यायचं नाही, हे आईने त्याला इतक्या लहानपणी शिकवलं होतं की पुढे शाळेत शिकवलेलं त्याच्यावर फारसं काही चढलंच नाही. आता हे काही एकट्या पास्कलचं नाही म्हणा. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमची वाडी, मधोमध खुरीस, म्हणजे दगडी क्रूस, एका अंगाला ख्रिश्चनांची घरं, दुसऱ्या अंगाला हिंदूंची. पण भांडं रिकामं परत आलं की नाक मुरडायचं, हे दोन्हीकडे सारखंच. पास्कलचं मात्र जरा अतिच होतं. गॅसवाला रिकामा सिलिंडर न्यायला आला की हा माणूस ओशाळतो, असं त्याची बायको क्लेमेंटिना सांगते. आणि क्लेमेंटिना उगाच काही सांगत नाही.

पास्कल शिंपी. वेंगुर्ल्याच्या बाजारात त्याचं दोन हातांत मावेल एवढं दुकान, त्यात शाळेचे गणवेश शिवण्यात उभा जन्म गेला. मुलगा जेरी गोव्यात हॉटेलात लागला, तेव्हापासून घरात नवरा-बायको दोघंच. संध्याकाळी कात्री खाली ठेवली की पास्कल ट्रंपेट उचलायचा. वाडीच्या बँडमध्ये त्याच्याइतका जुना वाजवणारा कोणी उरला नव्हता. लग्न कोणाचंही असो, गणपती असो, चर्चचं फेस्त असो, पुढे पास्कलच. काज आणि सूर, या दोन गोष्टी त्याला पुरत्या कळत. बाकी जगाच्या बाबतीत तो कायम गोंधळलेला. बँकेतून फोनवर काही आलं की कुंपणापाशी जाऊन धोंडूला विचारायचं, रेशनचा अंगठा उमटला नाही की धोंडूला विचारायचं, हा त्याचा शिरस्ता.

धोंडू म्हणजे शेजारी. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. सगळं कळतं अशा थाटात बोलण्याची सवय त्याला स्टिअरिंगवरच लागली असावी. त्याच्या नि पास्कलच्या घरामध्ये निवडुंग आणि जुन्या जाळ्याचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला दोघांच्या कोपरांनी एक खळगा पडला होता. चाळीसेक वर्षांची बोलणी त्या खळग्यातून गेलेली. धोंडूच्या घरी मुलगा, सून आणि एक वर्षाची नात. नातीला सगळे बाय म्हणत. बाय आजोबाच्या मांडीवर जेवायची, आजोबाच्या कुशीत निजायची, आणि आजोबाने फुंकर घालून गार केल्याशिवाय पेजेचा घोट घ्यायची नाही. धोंडूला मागल्या पावसाळ्यापासून खोकला होता. पण तो म्हणायचा विडीचा आहे. विडी सोडून वर्ष झालं होतं, हे त्याला कोणी आठवून दिलं नाही.

तर त्या नोव्हेंबरात शाळेत क्षयाच्या तपासणीचं शिबिर लागलं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने एक्सरेचं नवं यंत्र आणलं होतं. हातात धरून छातीसमोर उभं केलं की फोटो निघतो, आणि तो फोटो डॉक्टर बघतच नाही, संगणकच बघतो आणि सांगतो याला आहे, याला नाही. अख्खी वाडी हौसेने गेली. फुकट फोटो निघतोय म्हटल्यावर जाणारच. खोकला आहे का, ताप येतो का, असंही विचारत होते. धोंडूची सून त्याच्यामागेच रांगेत उभी, म्हणून धोंडूने साफ नाही सांगितलं आणि तोंडातली खडीसाखर या गालातून त्या गालात केली. यंत्राने त्याला निरोगी ठरवलं. पास्कललाही निरोगी ठरवलं. दोघांनी त्या आनंदात येताना बाजारातून बांगडे घेतले.

ज्यांना यंत्राने आहे म्हटलं, त्यांना थुंकी तपासायला डब्या दिल्या. ते ठीक. ते पास्कललाही कळलं. पण आठवडाभराने नर्स दिव्या, आपल्याच गावची मुलगी, पास्कलच्या अंगणात आली आणि तिने पिशवीतून एक लाल झाकणाची डबी काढून त्याच्या हातात ठेवली. डबीवर त्याचा नंबर चिकटवलेला. उद्या सकाळी साध्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, आतून खोकून बेडका काढायचा, नुसती थुंकी चालायची नाही, डबी भरून द्यायची.

पास्कलने डबीकडे बघितलं, मग दिव्याकडे.

"पण माका काय झाला नाय म्हणान तुम्हीच सांगलात मगे?"

"काका, नाय झाला म्हणानच तर तुमचो होयो," दिव्या म्हणाली. "नाय झालेल्यांच्यो चिठ्ये टाकल्यानी. त्येच्यात तुमची निघाली."

आणि तिला अजून चार घरं फिरायची होती, ती गेली.

आता काय समजायचं माणसाने? ज्याला आहे त्याची तपासणी करायची, हे बरोबर. ज्याला नाही त्याची कशाला? आणि नाही तर नाही, मग चिठ्ठ्या टाकून कशाला? पास्कल पायरीवर बसून राहिला. क्लेमेंटिना म्हणाली, चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नाही, तुमच्या फोटोत काहीतरी दिसलं असणार, तोंडावर सांगत नाहीत एवढंच. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या दोघातिघांनी येऊन चौकशी केली, ती अशी लांबून, पायरी न चढता. ट्रंपेट उचलली तर ती वाजेना. खरं सांगायचं तर भीती वाटत होती त्याला, आणि भीती कसली हे मात्र नीट सांगता येत नव्हतं, कारण कागदावर तर तो ठणठणीत होता.

सकाळी उठून त्याने चूळ भरली, माडाखाली उभं राहून छाती भरून श्वास घेतला, आणि खोकला. काही नाही. पुन्हा खोकला. नुसता आवाज. ट्रंपेट वाजवणारी छाती ती, वारा हवा तेवढा, बाकी ठणठणाट. गरम पाणी प्यायला, मिरी चावली, डोळ्यांतून पाणी आलं, बेडका काही आला नाही. आणि साडेनऊला दिव्या डबी न्यायला येणार. त्या पोरीने स्वतःहून घरी आणून दिलेली डबी, आणि तिच्या हातात आपण ती रिकामी ठेवायची? तिला वर कोणी बोललं तर? पास्कलला कसनुसं झालं. हसू नका, खरंच झालं.

कुंपणापलीकडे धोंडू दात घासत होता, म्हणजे अर्धा वेळ घासत होता आणि अर्धा वेळ खोकत होता. पास्कलने त्याला अडचण सांगितली. धोंडूने ब्रश बाजूला ठेवला आणि खळग्यातून हात पुढे केला.

"दी हयसर. माझ्याकडे ढीग आसा."

पास्कल म्हणाला, पण नंबर माझा आहे. त्यावर धोंडूने त्याला ड्रायव्हर नवीन क्लीनरला समजावतो तसं समजावलं. यंत्राने तुला बरा म्हटलं, मलाही बरा म्हटलं. म्हणजे दोघं बरे. बऱ्याचा बेडका तो बऱ्याचा बेडका, त्यावर काही नाव लिहिलेलं असतं? विरजण संपलं की शेजारून आणतोच ना आपण, मग दही कुणाचं म्हणून विचारतं का कोणी? पास्कलला हे इतकं पटलं की त्याने डबी दिली. धोंडूने ती गच्च भरून, झाकण लावून, वरून धुऊन परत केली. साडेनऊला दिव्या आली, डबी बघून खूश झाली, आणि पास्कलने जाता जाता तिला दोन लिंबंही दिली.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी तोंडाला मास्क होता आणि ती खुर्ची जरा लांब ओढून बसली. हळू आवाजात म्हणाली की काका, घाबरायचं नाही, औषध आहे, सहा महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो, पण तुमच्या डबीत जंतू निघाले.

काय गंमत बघा माणसाच्या मनाची. पास्कलला दरदरून घाम फुटला. हातपाय गार पडले, छातीत दुखायला लागलं, एक उबळही आली. तेव्हाच यायची होती ती. क्लेमेंटिना भिंतीला टेकून रडायला लागली. दिव्या उद्या येऊन औषध सुरू करते म्हणून गेली, तरी पास्कल तसाच बसलेला. आपण मरणार, ट्रंपेट जेरीला पाठवायची की बँडला द्यायची, इथपर्यंत त्याचं डोकं गेलं. आणि मग कुंपणापलीकडे धोंडू खोकला. तेव्हा कुठे पास्कलला आठवलं, की त्या डबीत आपलं काहीच नव्हतं.

त्याला आधी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची पुढे त्याला फार लाज वाटली, पण त्या वेळी वाटलं ते वाटलं. लगोलग तो कुंपणापाशी गेला आणि धोंडूला सांगितलं. धोंडूच्या कडेवर बाय होती, ती त्याच्या मिशा ओढत होती. मग तो बोलला, आणि सगळं कळतं असा थाट त्यात नव्हता.

"पास्कल, गोळये तुझ्या नावार घी आणि माका दी. सुनेक कळला तर ती बायेक माझ्याकडे देवची नाय."

एवढंच. आता चाळीस वर्षं ज्याला सगळं विचारलं, त्याने पहिल्यांदा काही मागितलं. नाही कसं म्हणायचं? पास्कलला तर नवख्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणता येत नसे. शिवाय हिशोब सरळ दिसत होता. आजार धोंडूला, औषध धोंडूच्या पोटात, नाव तेवढं पास्कलचं. नुकसान कुणाचं? पास्कल हो म्हणाला. क्लेमेंटिनाला मात्र त्याने खरं सांगितलं, कारण तिचं रडणं त्याला बघवेना. ती रडायची थांबली आणि मग जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाव तेवढं पास्कलचं, पण नाव म्हणजे थोडकं असतं का? दुसऱ्या दिवशी बँडचा मास्तर लांबूनच म्हणाला की पास्कल, यंदाच्या फेस्ताला तू विश्रांती घे. दुकानात गणवेशाचं माप द्यायला आलेली बाई दारातूनच वळली. पास्कलने ते गिळलं. औषधाच्या गोळ्या तो सकाळी कुंपणापलीकडे द्यायचा, धोंडू त्या तिथेच उभ्या उभ्या घ्यायचा, आणि दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. हे असं सहा महिने चालणार होतं.

ते सहा दिवससुद्धा चाललं नाही. दिव्या घरातल्यांची तपासणी करायला आली. रुग्णाच्या घरात जे राहतात त्यांना बघावं लागतं, असा नियम. क्लेमेंटिनाचं वजन केलं, तिला दहा प्रश्न विचारले, क्लेमेंटिनाने ओठ घट्ट मिटून मानेनेच उत्तरं दिली. मग दिव्याने विचारलं, घरात लहान मूल आहे का? पास्कल नाही म्हणाला. दिव्या म्हणाली, बरं झालं बाई. मोठी माणसं वर्षं काढतात, पण पाच वर्षांच्या आतल्यांना हा आजार पटकन धरतो, मेंदूपर्यंत जातो, आणि कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून घरात लहान असलं तर पहिल्यांदा त्यालाच औषध. तुमच्याकडे नाही, सुटलात.

हे ती पिशवी भरता भरता सहज बोलली. आणि कुंपणापलीकडे धोंडूच्या ओटीवर बाय खिदळत होती. धोंडू तिला पेज भरवत होता. चमच्यावर फुंकर घालत होता, एकदा, दोनदा, आणि मग चमचा तिच्या तोंडात.

पास्कल उभा राहिला. त्याला काहीच नीट कळत नव्हतं, यंत्र नाही, चिठ्ठ्या नाहीत. पण तपासणी चुकीच्या अंगणात चालली आहे, एवढं त्याला लख्ख दिसलं. आणि हेही दिसलं की आता तोंड उघडलं तर कुंपणाचा तो खळगा गेला.

"दिव्या," तो म्हणाला, "तो बेडको माझो नाय."

पुढचं काय सांगायचं? दिव्या त्याच पावली कुंपण ओलांडून गेली. सून धावत आली, तिने आधी बायला ओढून घेतलं आणि मग विचारलं काय झालं. ऐकल्यावर ती बायला छातीशी धरून आत गेली आणि दाराला कडी घातली. धोंडू हातात चमचा घेऊन ओटीवर तसाच बसलेला. त्याने पास्कलकडे एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पास्कलला तालुक्याच्या दवाखान्यात बोलावलं. तिथे मुंबईहून आलेली डॉक्टर आकांक्षा होती. हा सगळा अभ्यास तिचा. पास्कलला वाटलं आता पोलिसात देतात. तिने त्याला चहा दिला, त्यामुळे तो आणखीच घाबरला. तिने पहिल्यांदा हे सांगितलं की बाय आजारी नाही. जंतू अंगात शिरले असावेत, पण आजार अजून झालेला नाही, आणि औषध वेळेवर सुरू झालं. पास्कलने खिशातला रुमाल काढून डोळे पुसले आणि तो चहा प्यायला.

मग ती मूळ मुद्द्यावर आली, आणि पास्कलचा गोंधळ परत सुरू झाला. ती म्हणाली, काका, हे यंत्र किती चांगलं आहे ते आम्हाला शोधायचंय. ज्यांना यंत्र आहे म्हणतं त्यांनाच फक्त तपासलं, तर जेवढे रुग्ण सापडतील ते सगळे यंत्रानेच पकडलेले असणार. यंत्राने सोडलेला एकही दिसणार नाही, कारण त्या बाजूला कोणी बघितलंच नाही. मग यंत्राला शंभरपैकी शंभर, आणि ते शंभर खोटे. म्हणून नाही म्हटलेल्यांतल्याही काहींना तपासायचं. सगळ्यांना तपासणं परवडत नाही, तेव्हा दहातल्या एकाला, चिठ्ठीने.

पास्कल मान हलवत होता. मान हलवणं ही त्याची न कळल्याची खूण आहे, हे दिव्याला ठाऊक होतं. ती मध्ये पडली. तिने विचारलं, काका, हापूसमधला साका बाहेरून दिसतो? पास्कल म्हणाला, छे, आतला गर खराब झालेला कापल्याशिवाय कसा दिसेल. मग समजा, दिव्या म्हणाली, एक माणूस नुसतं हात लावून सांगतो की ह्या आंब्यात साका आहे, त्यात नाही. तुम्ही त्याने आहे म्हटलेले तेवढेच कापले, बाकीचे पेटीत भरून मुंबईला धाडले. इथे तुम्ही म्हणणार, वा, काय हात आहे याचा. आणि मुंबईत गिऱ्हाईक शिव्या देतंय ते तुम्हाला ऐकूच येणार नाही. त्याचा हात खरा की खोटा हे बघायचं तर त्याने चांगल्या म्हटलेल्या पेटीतलेही थोडे कापायला लागतात.

हे मात्र पास्कलला कळलं. आंब्याचं होतं ना.

आणि कापायचे ते डोळे मिटून उचलायचे, डॉक्टर म्हणाली. मऊ लागला म्हणून उचलला, असं नाही चालत. चिठ्ठीत आलेला एक आंबा पेटीतल्या दहांच्या वतीने बोलतो. तुमची डबी तुमच्या एकट्याची नव्हती काका, दहाजणांची होती.

पास्कलने विचार केला. बराच केला. मग त्याने विचारलं, आता धोंडूच्या डबीचं काय करणार? डॉक्टर म्हणाली, धोंडूकाकांना औषध चालू राहणार, पण या हिशोबातून ती डबी काढून टाकावी लागणार.

"पण तो खरोच आजारी आसा," पास्कल म्हणाला. "तुमच्या यंत्रान त्येका खरोच सोडल्यान. मगे खरो सोडून काय खोटो धरतल्यात?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टर म्हणाली, तो खराच आहे, पण तो चिठ्ठीने आलेला नाही. तो खोकत होता म्हणून तुम्ही त्याच्याकडे गेलात. मऊ आंबा बघून उचललात. आता त्याला दहांच्या जागी बसवलं, तर आमचा हिशोब म्हणेल की वाडीत यंत्राने सोडलेले दहा धोंडू खोकत फिरताहेत. तसे ते नाहीत. त्याची नोंद वेगळी करू, आपणहून आलेला म्हणून. आणि तुमच्या जागी तुम्हीच लागता.

म्हणजे जो आजार खरा सापडला तो मोजायचा नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दहा वेळा मोजायचं! पास्कलला हे त्या दिवशी पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. पण तो बसला. त्याला खारट पाण्याची वाफ दिली, नळी तोंडाला लावून. थोड्या वेळाने छातीच्या तळातून खरवडून काहीतरी आलं, चमचाभरसुद्धा नसेल. त्याने ते डबीत टाकलं आणि लाजत पुढे केलं. एवढंसंच आहे, असं म्हणाला. चालेल, डॉक्टर म्हणाली. त्यात काहीही निघालं नाही.

वाडीत पास्कलचं नाव साफ झालं. मास्तर स्वतः येऊन फेस्ताचं सांगून गेला. पण त्याला आनंद होईना. कुंपणापलीकडे धोंडूने आपली बाज मागच्या पडवीत नेली होती. सून त्याला जेवण वाढायची, औषध द्यायची, त्याच्याशी वाईट वागली असं कोणी म्हणणार नाही. पण बाय त्याच्याजवळ यायची नाही. दिव्याने सांगितलं होतं, काही आठवडे लांब ठेवा. बाय दारातून हात पुढे करून रडायची आणि धोंडू भिंतीकडे तोंड करून पडायचा. पास्कल रोज सकाळी खळग्यापाशी उभा राहायचा. धोंडू कधी आला नाही. पास्कलने एकदा हाक मारली, तर पडवीचा पडदा खाली आला.

फेस्ताला पास्कलने वाजवलं. दरवर्षी खुरसापाशी पहिल्या रांगेत उभा राहून चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवणारा धोंडू नव्हता. त्याच दिवशी क्लेमेंटिनाने फेस्ताचं गोडधोड, नेवऱ्या आणि दोदोल, ताटात घालून धोंडूकडे पाठवलं. संध्याकाळी ताट परत आलं. स्वच्छ घासलेलं, पुसलेलं, आणि रिकामं.

पास्कल ते ताट हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. क्लेमेंटिना म्हणाली, सुनेच्या लक्षात राहिलं नसेल, तिच्यामागे काय कमी आहे. पास्कलने ऐकलं की नाही कोण जाणे. त्या रात्री तो जेवला नाही. बायच्या भल्यासाठीच केलं ना आपण? मग चूक कुठे झाली? डबी भरली तिथे, गोळ्या घेतल्या तिथे, की खरं सांगितलं तिथे? त्याला उलगडा होईना. आणि विचारायचं तर ज्याला विचारायचं तोच बोलत नव्हता. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

आंब्याला मोहोर आला. एका सकाळी पास्कल माडाखाली तोंड धूत होता, तेव्हा कुंपणापाशी कोणीतरी खाकरलं. त्याने वळून बघितलं. धोंडू खळग्यात कोपर टेकून उभा होता. अंगावर जरा मांस चढलं होतं त्याच्या. कडेवर बाय होती. मागे ओटीवर सून उभी होती आणि बघत होती, पण ओरडत नव्हती.

धोंडूच्या हातात लाल झाकणाची डबी होती. दोन महिने औषध झालं की पुन्हा तपासतात, ती.

"खोकलो पळालो रे माझो," धोंडू म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सरळ, ड्रायव्हरचा. "सकाळपासून खाकरतंय, काय येना नाय. तुझ्याकडे आसा काय थोडो?"

पास्कलला कळेना हा चेष्टा करतोय की खरंच मागतोय. त्याने धोंडूच्या तोंडाकडे बघितलं, डबीकडे बघितलं, बायकडे बघितलं. बायने डबीचं झाकण धरून ओढलं. धोंडूच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते हसू होतं की काय, ते पास्कलला सांगता येईना, कारण त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने खळग्यावर, धोंडूच्या कोपराशेजारी, आपलं कोपर टेकलं.

"रिकामीच दी दिव्याक," तो म्हणाला. "ह्या एक भांडा रिकामा गेला तरी चलात."